डावा अंगठा

रविवारी पहाटे साडेपाचला गजर लावणाऱ्या माणसाबद्दल आमच्या सोसायटीत दोनच समज आहेत. एक तर तो सिंहगडावर जातो, नाहीतर त्याचं बायकोशी पटत नाही. मी तिसऱ्या प्रकारातला. मी विमान उडवायला जातो.

खरं विमान नाही हो! पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 1.2 मीटर, वजन पावणेदोन किलो. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर इस्त्रीने चिकटवलेली लाल-पांढरी फिल्म, नाकात इलेक्ट्रिक मोटर आणि पोटात बॅटरी. दिसायला ‘एक्स्ट्रा 300’सारखं. वॉल्टर एक्स्ट्रा या जर्मन वैमानिकाने खास हवाई कसरतींसाठी बनवलेल्या विमानाची ही छोटी नक्कल. माझ्या हातात ट्रान्समीटर, त्यावर दोन दांड्या. उजव्या दांडीने नाक वर-खाली करायचं आणि पंख कलवायचे. डाव्या दांडीने थ्रॉटल द्यायचा आणि शेपटीवरचा रडर, म्हणजे सुकाणू, डावीउजवीकडे फिरवायचा. सोमवार ते शुक्रवार मी सॉफ्टवेअर कंपनीत लोकांच्या चुका शोधतो. रविवारी वाटतं, आता दोन तास तरी कुणाच्या चुका बघायच्या नाहीत.

तिथेच फसलो.

लूप की जिलेबी?

नवशिक्यांचं ट्रेनर विमान प्रेमळ मामासारखं असतं. पंख टोकांकडे किंचित वर उचललेले, त्यामुळे तुम्ही दांड्या सोडल्यात तर ते बऱ्याच वेळा आपलं आपण सावरतं. कसरतीचं विमान असं काही करत नाही. त्याला जिथे ठेवाल तिथे ते राहतं. उलटं केलंत तर उलटंच जात राहील, आडवं केलंत तर आडवं. त्याला स्वतःचं मत नसावं, हीच त्याची खुबी. पण म्हणूनच त्यात एक मिलिमीटरचा दोष असला तरी तो आभाळात मोठ्ठा होऊन दिसतो.

माझ्या विमानाला मात्र मत होतं. लूप घ्यायला खेचलं की ते वर जाता जाता डावीकडे सरकायचं. गोल पूर्ण होईपर्यंत ते जिथून निघालं तिथे न येता शेजारच्या गल्लीत उतरल्यासारखं यायचं. सरळ उभं वर चढवलं तरी तेच. लूप कसला, जिलेबीच! मी रडरच्या ट्रिमचं बटण उजवीकडे चार वेळा दाबलं. थोडं बरं वाटलं. मग काही दिवसांनी पुन्हा तेच. मी एक्स्पो वाढवला, म्हणजे दांडीची मधली हालचाल मऊ केली. मग वाऱ्याला दोष दिला. शेवटी स्वतःला दिला. “माझा हातच तयार नाही अजून,” असं मी सगळ्यांना सांगायला लागलो. असं म्हटलं की समोरचा पुढे काही विचारत नाही, ही एक सोय असते.

आता थोडं बाबांविषयी.

बाबा चौतीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग. मायक्रोमीटर हा त्यांच्या खिशातला पेन. निवृत्तीनंतर काचबिंदू झाला. औषधांनी तो थांबला, पण गेलेली नजर गेली ती गेलीच. समोरचं आणि जवळचं नीट दिसतं, बाजूचं कमी. त्यांनी स्कूटर विकली. मग संध्याकाळी फिरायला जाणं बंद झालं. मग भाजी आणणंही. दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. आईने एक दिवस फोनवर सांगितलं, “तू रविवारी एवढा लांब जातोस, तर यांनापण ने की. घरात बसून भांडी मोजायला लागलेत.”

“आई, त्यांना विमान दिसणार नाही तिथे.”

“अरे, हवा तरी लागेल.”

“विमान नाही, तुझा हात दिसतो”

तर झालं असं, की बाबा माळावर आले. सासवडच्या पुढे एक उघडा माळ आहे, तिथे आम्ही सात-आठ जण जमतो. सकाळी सहा ते आठ वारा पडलेला असतो. बाबांना मी माझ्या मागे, डावीकडे, फोल्डिंगच्या खुर्चीवर बसवलं. आईने दिलेला पोह्यांचा डबा त्यांच्या मांडीवर. मी उडवायला लागलो. ते आवाज आला त्या दिशेला दोनदा बघून थांबले. मला वाईट वाटलं. माणसाला क्रिकेटच्या मॅचला न्यायचं आणि खांबामागे बसवायचं, तसं.

सहा मिनिटांत बॅटरी संपत आली, मी विमान उतरवलं. बाबा म्हणाले, “तुझा डावा अंगठा सारखा हलतो.”

“काय?”

“मला वरचं काही दिसलं नाही. तुझा हात दिसतो. उजवा अंगठा कधी हलतो, कधी थांबतो. डावा सारखा उजवीकडे ढकलतोयस. दर वेळी आवाज वाढला की ढकलतोस.”

मला पटेना. मी म्हटलं, नाही हो बाबा, मी रडर फक्त वळवताना देतो. आमच्या माळावर एक सीनियर काका आहेत, माझ्या कितीतरी आधीपासून उडवणारे. त्यांना म्हटलं, बघा जरा. पुढच्या फ्लाइटला ते विमानाऐवजी माझ्या ट्रान्समीटरकडे बघत उभे राहिले आणि हसायला लागले. बाबांचं बरोबर होतं. प्रत्येक चढाला, प्रत्येक लूपला माझा अंगठा उजवीकडे जात होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

गंमत बघा. विमानातला दोष मी इतके दिवस आभाळात शोधत होतो. तो माझ्या हातात येऊन बसला होता. आपण एखादी वाकडी गोष्ट रोज सरळ धरायला लागलो की ती वाकडी आहे हेच विसरतो. दारिद्र्य काय, ढिसाळ प्रोजेक्ट काय आणि विमान काय!

बॅकलॅश

घरी आल्यावर बाबांनी विमान टेबलावर घेतलं. मी आधी पंखा काढला. हा नियमच करून टाका, कारण बॅटरी जोडलेली असेल आणि दांडीला चुकून धक्का लागला तर तो पंखा बोटं ओळखत नाही. बाबांनी डोळ्यांनी काही पाहिलं नाही. रडर दोन बोटांत धरून हलवला. ट्रान्समीटर चालू, सर्व्हो घट्ट, तरी रडरची कड जवळजवळ एक सूत इकडेतिकडे होत होती.

“बॅकलॅश आहे,” बाबा म्हणाले. लेथच्या स्क्रूत खेळ पडला की टूलरूममध्ये हाच शब्द वापरतात. “याच्यावर तू कसलं ट्रिम लावतोस? खिळखिळ्या दारावर लेव्हल लावण्यातला प्रकार.”

रडरला ढकलणारी तार जिथे प्लास्टिकच्या हातात अडकते ते भोक झिजून मोठं झालं होतं. नवा हात घातला, तार सर्व्होकडे आतल्या भोकात आणि रडरकडे बाहेरच्या भोकात लावली. असं केलं की रडर थोडा कमी फिरतो, पण खेळही कमी होतो. मग बाबांनी सगळ्या हिंजा, सगळ्या तारा बोटांनी तपासल्या. दोन तास. मधे चहा दोनदा.

तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी ऑफिसातही भिंतीवर लावणार आहे. दोष दर वेळी सारखाच येत असेल, तर तो मापाचा असतो. कधी येतो, कधी नाही, तर तो ढिलेपणाचा असतो. आधी ढिलेपणा काढायचा. तोपर्यंत मापाला हात लावायचा नाही. आणि माप बदलायचं तेव्हा एका वेळी एकच. दोन स्क्रू एकदम फिरवले आणि मशीन सुधारलं, तर ते कशामुळे सुधारलं हे कुणालाच कळत नाही.

विचार करा, मी काय केलं होतं? ट्रिम, एक्स्पो, वारा आणि आत्मविश्वास, चार स्क्रू एकदम.

वर डावीकडे, खाली उजवीकडे

पुढच्या रविवारी बाबा स्वतःहून तयार होऊन बसले होते, साडेपाचलाच. हातात शंभर पानी वही.

ठरलं असं की मी उडवायचं, बोलायचं आणि बाबांनी लिहायचं. कसरत वगैरे काही नाही. फक्त परीक्षा. विमान आपल्यापासून लांब जात असताना फुल थ्रॉटल द्यायचा, पंख सपाट आहेत बघायचं, हळूच खेचून उभं करायचं आणि दांड्या सोडून द्यायच्या. लांब जाताना खेचलं की विमानाची पाठ आपल्याकडे येते, त्यामुळे त्याचं डावं ते आपलं डावं. काय सांगू, अंगठा आवरणं किती अवघड गेलं! तिसऱ्या वेळी मी तो सरळ दांडीवरून उचललाच. नाक निवांतपणे डावीकडे वळलं.

एक सावधगिरी. वारा असेल तर विमान अख्खंच्या अख्खं बाजूला वाहून जातं, पण नाक उभंच राहतं. वाहून जाणं वेगळं आणि वळणं वेगळं. वळलं तरच तो विमानाचा दोष.

मग उलट परीक्षा. उंचावर न्यायचं, थ्रॉटल बंद, नाक सरळ खाली, दांड्या सोडून दोन सेकंद मोजायचे. खाली येताना डावं-उजवं उलटं दिसतं आणि माझा हमखास गोंधळ होतो, म्हणून बाबांनी वहीत विमानाचं छोटं चित्र काढून प्रत्येक वेळी मला ‘त्याचा कुठला पंख?’ असं विचारलं. उत्तर आलं, उजवीकडे. पुन्हा केलं. उजवीकडे. तीन वेळा वर, तीन वेळा खाली. वर जाताना डावीकडे, येताना उजवीकडे.

मी वैतागलो. “बाबा, याला काही लॉजिकच नाही.”

“वर जाताना काय वेगळं करतोस?”

“फुल थ्रॉटल असतो.”

“आणि येताना?”

“बंद.”

“मग मोटर बघ ना. आभाळ काय बघतोस?”

विमानाला कधीही न पाहिलेल्या माणसाने हे खुर्चीत बसून सांगितलं. सीनियर काकांनी कपाळाला हात लावला.

कारण अगदी साधं आहे. मागून बघितलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. तो मागे फेकलेली हवाही तशीच मळसूत्रासारखी फिरत शेपटीकडे जाते आणि उभ्या शेपटीला डाव्या बाजूने ढकलते. शेपूट उजवीकडे, म्हणजे नाक डावीकडे. वेग कमी आणि थ्रॉटल जास्त असेल तेव्हा हा धक्का सगळ्यात जाणवतो, म्हणजे नेमकं उभ्या चढाला. यावर उपाय म्हणून मोटर मुळातच दोनेक अंश उजवीकडे तोंड करून बसवतात. माझी मोटर जवळजवळ सरळ बसली होती. ती कमतरता मी रडरच्या ट्रिमने झाकली होती. पण मोटर बंद झाली की डावीकडे ढकलणारं कुणी उरत नाही, ट्रिम मात्र तिथेच राहतं. म्हणून खाली येताना उजवीकडे. एक चूक आणि तिच्यावर केलेला उपाय, अशी दोघं मिळून मला फिरवत होती.

वहीवर बाबांनी तिथेच हिशेब केला. मोटरच्या दोन बोल्टमध्ये 50 मिलिमीटर अंतर. एक अंश फिरवायचा तर साधारण 0.9 मिलिमीटर. डाव्या बाजूच्या बोल्टखाली पातळ वॉशर घातले की मोटरची डावी बाजू पुढे येते आणि तोंड उजवीकडे वळतं. पुढच्या रविवारी ते घरून जुना फीलर गेज आणि पितळी शिमचा एक डबा घेऊन आले. तो डबा मी लहानपणी उघडला म्हणून फटका खाल्ला होता. आता तो माझ्या गाडीच्या डिकीवर उघडा होता.

एक अंश घातला. रडरचं ट्रिम शून्यावर आणलं. उडवलं. वर थोडं डावीकडे, खाली सरळ. आणखी अर्धा अंश. उडवलं. वर सरळ. खाली सरळ.

बाबांनी वहीत काही लिहिलं नाही. टिकमार्क केला फक्त.

पॅच मारायचा मोह

आयटीतल्या वाचकांनी हा भाग जरा लक्ष देऊन वाचावा.

आजच्या ट्रान्समीटरमध्ये सगळ्याला उत्तर असतं. त्याला मिक्सिंग म्हणतात. ‘थ्रॉटल इतका वाढला की रडर आपोआप इतका उजवीकडे दे,’ असं सांगितलं की झालं. वॉशर नको, शिम नको, मोटर काढायला नको, बोटाला स्क्रूड्रायव्हर लागायला नको. मला हे माहीत होतं आणि मी ते करणारही होतो. पाच मिनिटांचं काम!

पण मिक्स वेग ओळखत नाही. त्याला फक्त दांडी कळते. वेगात जाताना रडरची ताकद खूप असते, हळू जाताना कमी. तोच थ्रॉटल, तेवढाच रडर, पण परिणाम दर वेळी वेगळा. मोटरचा कोन बदलला की मात्र उपाय जिथून चूक निघते तिथेच होतो. ऑफिसात आपण हे रोज बघतो. मुळातला बग तसाच ठेवून वर पॅच मारायचा, मग पॅचला सांभाळायला दुसरा पॅच. सहा महिन्यांनी नवा मुलगा येतो आणि विचारतो, “हे असं का आहे?” कुणालाच आठवत नाही.

मिक्सला जागा आहे, पण सगळ्यात शेवटी. विमान पंखावर आडवं करून रडरच्या जोरावर उडवतात, त्याला नाइफ एज म्हणतात. तेव्हा बरीच विमानं पोटाकडे ओढ घेतात. हे त्यांच्या बांध्यातच असतं. तिथे दोन-चार टक्के एलेव्हेटरचा मिक्स द्यायला हरकत नाही.

पेन्सिलच्या रेघा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती.

खरं तर गुरुत्वमध्याची परीक्षा सगळ्यात आधी करतात. मी ती टाळत होतो. विमान सरळ उडताना ट्रिम करायचं, मग उलटं करायचं आणि बघायचं, नाक वर ठेवायला किती ढकलावं लागतं. थोडंसं ढकललं की पुरत असेल तर छान. खूप ढकलावं लागलं तर नाक जड. उलटं असताना आपणहून आभाळाकडे जायला लागलं तर शेपूट जड. नाक जड असलं की विमान आळशी होतं. शेपूट जड असलं की माथेफिरू.

माझं भयंकर नाक जड होतं. उलटं उडवताना अंगठा दुखायचा. खाली येतानाही ते सारखं पाठीकडे ओढ घ्यायचं, कारण नाक सावरायला एलेव्हेटर कायम वर ट्रिम केलेला. उपाय अगदी सोपा होता, बॅटरी मागे सरकवायची. बस. सीनियर काकांनी दोनदा सांगितलं. मी दोनदा “पुढच्या वेळी” म्हटलं.

बाबांनी वहीतून मान वर केली. “का नाही सरकवत?”

याचं उत्तर माझ्या पहिल्या विमानात होतं. हे दुसरं. पहिलं गेल्या वर्षी गेलं. लूपला खेचलं, नाक वर गेलं ते खाली येईचना, मग एका पंखावर पलटलं आणि गिरक्या घेत ज्वारीच्या शेतात. तीन महिने रात्री जागून बांधलं होतं. बाल्साची बरीच पट्टी बाबांनीच घासून दिली होती. घरी आल्यावर मी सांगितलं होतं, वाऱ्याचा झोत आला. बाबा तेव्हा फक्त “हं” म्हणाले होते आणि पिशवीतले तुकडे काढून टेबलावर मांडत बसले होते.

माळावर, खुर्चीशेजारी उकिडवं बसून मी सांगितलं. “बाबा, झोत नव्हता. बॅटरीचा पट्टा मी नीट आवळला नव्हता. बॅटरी मागे सरकली.”

“मला माहीत होतं.”

“कसं?”

“पट्ट्याचा वेल्क्रो कोरा होता. अर्धाच चिकटवलेलास. तुकडे मीच लावले ना.” जरा थांबून म्हणाले, “तू सांगशील म्हणून थांबलो होतो. नंतर वाटलं, याला माझ्याशी बोलायचं नसेल.”

एक वर्ष. एवढ्याशा वेल्क्रोपायी एक वर्ष मी त्यांना माळावर नेलं नव्हतं. आईने सांगेपर्यंत. दिसणार नाही हे कारण खरं होतं, पण ते एकच कारण नव्हतं.

मग बाबांनी पेन्सिल काढली. बॅटरी साडेतीनशे ग्रॅम, विमान पावणेदोन किलो. म्हणजे बॅटरी पाचवा हिस्सा. “बॅटरी 5 मिलिमीटर सरकवलीस तर सगळ्याचा मध्य 1 मिलिमीटर सरकेल. एवढ्याला घाबरायचं काय कारण?” बॅटरीच्या खाचेत त्यांनी 5-5 मिलिमीटरवर रेघा मारल्या. पट्टा स्वतः आवळला, वर दुसरा पट्टा आडवा. विमान उलटं धरून झटकून बघितलं. मग मला दिलं.

भीती बॅटरी सरकवण्याची नव्हतीच. सुटी राहण्याची होती. दोन्ही मी एकच धरून बसलो होतो.

एक रेघ. उडवलं. दोन रेघा. तिसऱ्या रेघेला विमान हलकं झालं, उलटं होऊन निवांत चाललं. चौथी रेघ मारलेली आहे. तिथे आम्ही अजून गेलो नाही.

वहीतलं पान

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून बाबांच्या वहीतलं पान इथे उतरवून देतो.

1. घरी, पंखा काढून: ढिलेपणा काढा. दोन्ही एलेव्हेटर एका पातळीत आहेत का बघा. मोटरचा दांडा आणि शेपूट धरून विमान उचला. जो पंख पडतो तो जड. दुसऱ्या पंखाच्या टोकाला वजन लावा, पाच रुपयांचं नाणं चिकटवूनही अंदाज येतो.

2. अर्ध्या थ्रॉटलला सरळ उडवा, ट्रिम करा. पुढचा कुठलाही बदल केला की पुन्हा इथे या.

3. उलटं करा: नाक जड की शेपूट जड?

4. फुल थ्रॉटलला उभं वर: डावीकडे गेलं तर मोटर आणखी उजवीकडे, उजवीकडे गेलं तर कमी.

5. थ्रॉटल बंद, उभं खाली: रडरचं ट्रिम खरं बोलतंय का?

6. सरळ जाताना थ्रॉटल अचानक बंद: नाक लगेच वर उचललं तर मोटर जास्त खाली बघतेय. लगेच पडलं तर आणखी थोडी खाली करा.

7. घट्ट लूप: दर वेळी तोच पंख पडत असेल तर तो जड असण्याचा संभव जास्त.

8. नाइफ एज, मिक्स: सगळ्यात शेवटी.

खाली बाबांनी ठळक लिहिलंय: थ्रॉटलबरोबर बदलतो तो दोष मोटरचा. खेचताना वाढतो तो वजनाचा. लहर लागेल तेव्हा येतो तो ढिलेपणाचा.

आणि हो, तुमच्यापैकी कुणी सुरुवात करणार असाल तर कसरतीच्या विमानाने करू नका, ट्रेनर घ्या. एकटे जाऊ नका. आपल्याकडे 2021च्या ड्रोन नियमांत छंदासाठी उडवायच्या मॉडेल विमानांचाही उल्लेख आहे. 25 किलोपर्यंत वजन आणि विमान कायम नजरेच्या टप्प्यात. जागा नकाशावर हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात येते ते आधी बघा. पुण्यासारख्या विमानतळ असलेल्या शहरात गच्चीवरून उडवायचा विचारही नको.

मागचा रविवार

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मॉडेलच्या कसरतींना गुण देताना साधारण 15 अंश चुकले की एक गुण कापतात. माझ्या लूपला कुणी गुण देणार नाही. पण मागच्या रविवारी सकाळी सातच्या सुमाराला, धुकं नुकतं उठलं असताना, मी विमान लांब जाऊ दिलं, फुल थ्रॉटल दिला आणि उभं केलं. लाल-पांढरं क्रॉससारखं काहीतरी सरळ वर चाललं होतं. त्याला आता काही मत नव्हतं.

मी मागे वळून बघितलं नाही. उडवताना बघायचं नसतं. फक्त विचारलं, “बाबा, दिसतंय का काही?”

“दिसतंय ना,” ते म्हणाले. “अंगठा गप्प आहे.”